तेरची मंदिरे आणि चुन्याचा गिलावा

तेरणेच्या काठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. ‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात येथून भडोचकडे जाणाऱ्या जाड्याभरड्या व तलम कापडाचा उल्लेख आहे. तगर म्हणजेच तेर, हे फ्लीट यांनी १९०१ साली दाखवून दिले. त्यानंतर हेन्री कझिन्स यांनी येथील विटांच्या मंदिरांकडे विद्वानांचे लक्ष वेधले. कापडाची ती पेठ लयास गेली. भिंती मात्र उभ्या राहिल्या, आणि त्या राखण्यात गिलाव्याचा वाटा लहान नाही.

येथील त्रिविक्रम मंदिर मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मागील बाजू अर्धगोल, छत हत्तीच्या पाठीसारखे, दर्शनी भागी चैत्यकमान आणि विटांवर चुन्याचा लेप, असे त्याचे रूप आहे. तेरची जुनी वीट पाण्यावर तरंगते, याचे कौतुक सर्वांना असते. परंतु तिचा हलकेपणा तिच्या सच्छिद्रतेत आहे आणि तीच सच्छिद्रता पावसाचे पाणीही शोषते, हे सहसा कोणी सांगत नाही. अशा विटेला वरून आवरण हवेच. म्हणजे गिलावा हा निव्वळ शृंगार नव्हे; तो आधी भिंतीचा अंगरखा आहे, नक्षी मागाहून.

हा अंगरखा शिवण्यास वेळ लागे. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंशांवर भाजली की शंभर किलोंतून छप्पन्न किलो कळीचा चुना हाती येतो. उरलेले वायुरूपाने निघून जाते. हा चुना पाण्यात विरवून मुरत ठेवीत. पुढे बैलाच्या घाणीत दगडी चाकाखाली तो वाळूबरोबर मळला जाई. त्यात कोठे गुळाचे पाणी, कोठे बेलफळाचा गर, कोठे हिरडा, तर तडे जाऊ नयेत म्हणून तागाचे तंतू घालीत. प्रत्येक गवंड्याचे प्रमाण निराळे आणि बहुधा अलिखित. पहिला थर जाड वाळूचा, त्यावर बारीक वाळूचा, शेवटी वस्त्रगाळ चुन्याचा पातळ संदला. तो ओला असतानाच गुळगुळीत दगडाने घोटला की भिंतीला चकाकी येई. वेलबुट्टी, कमळे व कमानींवरील पदके ओल्या चुन्यातच उठवीत. शेजारच्या गुलबर्ग्यातील बहमनी कबरींवर ही कला विशेष बहरलेली दिसते. पुढे हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून चुना हळूहळू पुन्हा दगड होतो. घाई केली की तो भेगाळतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने सास्तूर परिसरातील जाड दगडी भिंती कोसळल्या आणि जिल्ह्यातील लोकांचा जुन्या बांधकामावरील विश्वास उडाला. तो उडणे स्वाभाविक होते. तथापि त्या घरांतील बहुतेक भिंती मातीत रचलेल्या होत्या, चुन्यात नव्हे. हा भेद त्या आकांतात कोण करणार? जुने ते सारेच कच्चे ठरले आणि सिमेंट हेच सुरक्षिततेचे दुसरे नाव झाले.

नव्या काँक्रीटच्या घरास सिमेंट योग्यच. जुन्या विटांच्या भिंतीवर मात्र त्याचा लेप घातक ठरतो. चुना श्वास घेतो. भिंतीतील ओल त्यातून बाहेर पडते. सिमेंटचा कठीण थर व त्यावरील तैलरंग ती ओल आतच कोंडतात. मग क्षार फुलून वीट आतल्या आत भुगा होते, आणि वरचा लेप मात्र पोकळ होईपर्यंत नवा दिसत राहतो.

जीर्णोद्धाराच्या नावाखाली कित्येक गावांतील मंदिरांत हेच घडले आहे. जुना गिलावा खरवडून सिमेंट, त्यावर गुळगुळीत फरशी. दात्यांच्या नावांची पाटीही त्यावरच. हेतू शुद्ध असतो, हेच दुःख. वास्तू शासनाचे संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्यावी लागते. नसेल तर निर्णय विश्वस्तांच्या एका बैठकीत होतो. त्या बैठकीत ठेकेदाराचे दरपत्रक असते. चुना किती दिवस मुरवणार आणि जुन्या गिलाव्यातील वाळू-चुन्याचे प्रमाण कोणी तपासले, हे त्यात लिहिलेले नसते, विचारावे लागते.