रेहत्सेक यांचें भाषांतरकार्य

केळव्याच्या किनाऱ्यावरून उत्तरेकडे गेलें असतां तारापूर, चिंचणी, डहाणू आणि पुढें संजाण असा जो पट्टा लागतो, त्याचा जुना इतिहास बराचसा परक्यांच्या लेखणींतून आपल्यास मिळाला आहे. नवव्या-दहाव्या शतकांतील अरब लेखक संजाण, सोपारा, चौल हीं बंदरें नांवानिशीं सांगतात. राष्ट्रकूट राजास ते ‘बल्हरा’ म्हणतात, आणि त्याच्या राज्यांतील मुसलमानांवर मुसलमान अधिकारीच नेमिलेला असे, असेंही लिहितात. इलियट व डाउसन यांच्या संग्रहाचा पहिला खंड १८६७ सालीं निघाला, तेव्हां हे उतारे इंग्रजी जाणणारांस सुलभ झाले. ही अरबांची बढाई असेल, असें कोणास वाटलें असतें तर त्यांत नवल नव्हतें. परंतु पुढें चिंचणी येथें शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा, इंद्र तिसरा याच्या कारकीर्दींतील ताम्रपट सांपडला. त्यांत संयान मंडलाचा अधिकारी ‘ताजिक’ म्हणजे अरब असून, त्याचें नांव ‘मधुमति’ असें दिलें आहे. मुहंमदाचा मधुमति करणारा तो शासनलेखकही एका परीनें भाषांतरकारच म्हणावयाचा!

अरबी-फारसी ग्रंथ इंग्रजींत आणण्याचे श्रम कोण करतो, याची चौकशी वाचक सहसा करीत नाहीं. मुंबईंत असा एक मनुष्य चाळीसांहून अधिक वर्षें राहिला. एडवर्ड रेहत्सेक हे हंगेरियन गृहस्थ. जन्म १८१९ चा. अमेरिकेंत कांहीं वर्षें काढून ते १८४७ सालीं मुंबईस आले. विल्सन कॉलेजांत त्यांनीं गणित व लॅटिन हे विषय शिकविले. मुल्ला फिरोज ग्रंथालयांतील अरबी, फारसी, हिंदुस्थानी व तुर्की हस्तलिखितांची त्यांनीं केलेली सविवरण यादी १८७३ सालीं निघाली. राहणी विलक्षण साधी. खेतवाडींत एकटेंच राहावें, नोकर ठेवूं नये, स्वयंपाक स्वतः करावा, आणि दिवस पोथ्यांत घालवावा!

त्यांचें पुष्कळसें काम फारसीवरून झालें आहे. ‘बहारिस्तान’ १८८७ त व ‘गुलिस्तान’ १८८८ त कामशास्त्र सोसायटीनें छापिलें, पण भाषांतरकाराचें नांव न घालतां. त्यामुळें गुलिस्तानाचें श्रेय पुष्कळांनीं रिचर्ड बर्टन यांच्या पदरीं टाकिलें. रेहत्सेक यांची इंग्रजी कांहींशी ताठर आहे. ती त्यांची मातृभाषा नव्हती. पण मुळाची साथ सोडून शोभेच्या मागें धांवणाऱ्या बर्टनपेक्षां अभ्यासकास हा ताठरपणाच अधिक उपयोगी पडतो, असें आमचें मत आहे.

आपल्या मराठीनें अरबी कथा घेतल्या त्या इंग्रजीच्या ओंजळीनेंच. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं सुरस गोष्टी आरंभिल्या. त्या विष्णुशास्त्री व हरि कृष्ण दामले यांनीं पुऱ्या केल्या. रेहत्सेक यांची पोथी मात्र मराठी लेखकांनीं क्वचितच उघडली.

११ डिसेंबर १८९१ रोजीं ते मुंबईंत वारले, व त्यांच्या देहास हिंदूंच्या रीतीप्रमाणें अग्नि देण्यांत आला. अरबीवरून केलेलें त्यांचें सर्वांत मोठें काम म्हणजे पैगंबराचें इब्न इसहाककृत चरित्र. त्याचें हस्तलिखित लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटींत पडून राहिलें, व संक्षिप्त होऊन १९६४ सालीं छापलें गेलें. गुलिस्तानाच्या आवृत्तीवर रेहत्सेक हें नांव आलें, तेंही त्याच सालीं.