मूत्रपिंडाला येणारा निरोप

आपली दोन मूत्रपिंडे दिवसाकाठी रक्तातून सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. बाहेर जाते ते मात्र दीड-दोन लिटर. बाकीचे पाणी माघारी घेतले जाते. ते किती घ्यावयाचे, हे कोण ठरविते? या प्रश्नाच्या इतिहासात प्रयोगशाळेला वाट दाखविली ती रोग्याने.

मधुमेह्यासारखी तहान, घागरभर लघवी, पण तीत साखर नाही, असा एक रोग आहे. १७९४ साली योहान पेटर फ्रांक या जर्मन वैद्याने तो मधुमेहाहून निराळा मानला. कारण मात्र गूढच राहिले.

१९०१ साली माग्नुस व शेफर यांनी मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क भूल दिलेल्या जनावरांना टोचला. मूत्र वाढले. अर्क मूत्रल आहे, असा निवाडा झाला. पुढे १९१३ साली जर्मनीत फॉन डेन फेल्डेन व इटलीत फारिनी यांनी स्वतंत्रपणे तो या तहानलेल्या रोग्यांना टोचला, तो मूत्र घटले आणि तहान शमली! शास्त्राचा निवाडा एक, रोग्याची साक्ष दुसरी. खरे कोणाचे मानावे?

१९२४ साली लंडनमध्ये स्टार्लिंग व व्हर्नी यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड शरीरापासून वेगळे करून त्यात रक्त खेळते ठेवले. ते पाणचट मूत्र भरमसाट सोडू लागले. रक्तात अर्क मिसळताच मूत्र घटले व दाट झाले. रोग्याची साक्ष खरी ठरली. एकटे मूत्रपिंड पाणी राखू शकत नाही. त्याला निरोप यावा लागतो. रक्तातील क्षार किंचित दाटले की मेंदू तो धाडतो, हे व्हर्नीने १९४७ साली मांडले. निरोप्याचे नाव व्हॅसोप्रेसिन. ते कृत्रिम रीतीने घडविणाऱ्या द्यू व्हिन्यो यांना १९५५ साली नोबेल पारितोषिक लाभले. मीठ राखण्याचा निरोप आणणारे दुसरे संप्रेरक, अल्डोस्टेरॉन, १९५३ साली हाती आले.

निरोप मिळाल्यावर मूत्रपिंड करते काय? १९९२ साली पीटर अ‍ॅग्र यांनी पेशीच्या भिंतीत पाण्यापुरतीच दारे असतात हे सिद्ध केले. व्हॅसोप्रेसिन आले की मूत्रपिंडातील अशी दारे पेशींच्या पृष्ठभागी येतात व पाणी माघारी फिरते.

ज्याच्या शरीरात हा निरोपच तयार होत नाही, त्याला आज तशाच कृत्रिम औषधाची गोळी किंवा नाकातील फवारा देता येतो, आणि तो रात्रभर स्वस्थ झोपू शकतो.