साहेबांच्या मनातला माणूस

मार्च सरला की ऑफिसातल्या गप्पा अप्रेजलवर येतात. वर्षभराच्या कामाला पाचपैकी तीन मिळालेले असतात आणि कारण म्हणून सांगितलेलं असतं, 'जरा व्हिजिबिलिटी वाढव', 'टीममध्ये मिसळत जा'. काम कमी पडलं असं कुणी म्हणत नाही. अशा वैतागलेल्या मित्रमैत्रिणींना मी शंभर वर्षांपूर्वीचा, जेमतेम पाच पानांचा एक लेख वाचायला सांगतो.

लेख १९२० सालचा आहे, एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा. मांजरांना पेटीत कोंडून ती बाहेर कशी पडतात हे बघणारा म्हणून तो पाठ्यपुस्तकांत भेटतो. इथे मात्र तो माणसांच्या मार्कांकडे बघत होता. १९१५ मध्ये दोन मोठ्या औद्योगिक कंपन्यांतल्या नोकरदारांच्या अभ्यासात एक विचित्र गोष्ट दिसली होती. हुशारी, मेहनत, तांत्रिक कौशल्य, भरवसा यांचे गुण वेगवेगळे द्यायचे होते, पण ज्याला एकात चांगले गुण, त्याला सगळ्यातच चांगले. प्रत्यक्षातली माणसं अशी नसतात. एखादा कामात वाघ असतो आणि वेळेच्या बाबतीत आनंदीआनंद.

मग पहिलं महायुद्ध आलं. अमेरिकी सैन्याला थोड्या काळात हजारो अधिकारी निवडायचे होते. त्यासाठी वॉल्टर डिल स्कॉट या मानसशास्त्रज्ञाने एक पट्टी तयार केली. स्कॉटने आधी जाहिरात आणि सेल्समनची निवड या विषयांवर काम केलं होतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पट्टी वापरायची रीत अशी: वरिष्ठाने आपल्या ओळखीतले पाच अधिकारी आठवायचे, सर्वांत उत्तम ते सर्वांत सुमार, आणि हाताखालच्या माणसाची तुलना त्यांच्याशी करायची. म्हणजे मोजपट्टी कागदावर नव्हतीच, ती साहेबांच्या डोक्यात होती. शारीरिक गुण, बुद्धी, नेतृत्व आणि वैयक्तिक गुण यांना प्रत्येकी १५, आणि सैन्याला एकूण उपयोग किती याला ४०. शारीरिक गुणांत शरीरयष्टीबरोबर वावर, टापटीप आणि आवाजही धरलेला होता.

थॉर्नडाइकने असे गुण घेऊन त्यांचं एकमेकांशी नातं मोजलं. या मोजणीत ० म्हणजे काहीच संबंध नाही आणि १ म्हणजे पूर्ण जुळणी. शरीर आणि बुद्धी ०.३१, शरीर आणि नेतृत्व ०.३९, शरीर आणि चारित्र्य ०.२८. रुबाबदार माणूस जास्त सच्चाही असतो, असा या शेवटच्या आकड्याचा अर्थ झाला! थॉर्नडाइकने या ओढीला 'हेलो' म्हणजे देवाच्या चित्रामागे असते तशा तेजोवलयाचं नाव दिलं. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की गुण देणाऱ्यांना त्याने लबाड म्हटलं नाही. चांगला फोरमन, चांगला शिक्षक, चांगला खातेप्रमुखसुद्धा माणसाचे तुकडे पाडून बघू शकत नाही, असं त्याचं म्हणणं.

हे झालं आकड्यांचं. शब्दांत लिहिलेलं मूल्यमापन काय करतं, हे अॅन हॉपकिन्सच्या बाबतीत दिसलं.

अॅन प्राइस वॉटरहाउस या अकाउंटिंग फर्मच्या वॉशिंग्टन ऑफिसात होती. १९८२ मध्ये पार्टनरशिपसाठी ८८ नावं पुढे आली, त्यांत बाई एकच, ती. फर्ममध्ये तेव्हा ६६२ पार्टनर होते, त्यांपैकी बायका ७. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचं अडीच कोटी डॉलरचं काम मिळवण्यात तिचा मोठा वाटा होता, आणि त्या यादीतल्या इतर कुणाची कामगिरी त्या तोडीची नव्हती. ३२ पार्टनरनी तिच्याबद्दल लेखी मत दिलं. एकाने तिला 'पुरुषी' म्हटलं, एकाने तिला शिष्टाचार शिकवणाऱ्या वर्गात घाला असं सुचवलं. ती शिव्या देते अशीही तक्रार होती, आणि बाईच्या तोंडी त्या शोभत नाहीत म्हणून ती तक्रार. निर्णय पुढे ढकलला गेला. तेव्हा तिला बायकी चाल, बायकी बोलणं, मेकअप, केशरचना आणि दागिने असा सल्ला मिळाला. तोही तिच्याच बाजूच्या एका पार्टनरकडून.

इथे गोष्ट सोपी करून सांगण्याचा मोह होतो. पण हाताखालच्या लोकांशी ती फार कठोर वागायची, हे तिच्या पाठीराख्यांनीही लिहिलं होतं आणि ते विचारात घ्यायला कोर्टाची हरकत नव्हती. माणसांना सांभाळणं हाही कामाचाच भाग. प्रश्न एवढाच होता की तोच कडकपणा पुरुषाच्या अंगी असता तर त्याला वेगळं नाव मिळालं असतं का. दुसऱ्या वर्षी तिचं नाव पुढे आलंच नाही. तिने नोकरी सोडली, दावा लावला आणि १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो तत्त्वतः उचलून धरला. १९९१ मध्ये ती त्याच फर्ममध्ये पार्टनर म्हणून परतली. माझ्या मते ती जिंकली याचं मोठं कारण म्हणजे पार्टनरांनी मनातलं कागदावर उतरवलं होतं. आजचा मॅनेजर एवढा भोळा नाही. तो 'एक्झिक्युटिव्ह प्रेझेन्स' असं काहीतरी लिहितो.

आपल्याकडे तर कागद दिसायचाच नाही. सरकारी नोकरदारांच्या घरांत 'सीआर', म्हणजे गोपनीय अहवाल, हा शब्द दबक्या आवाजात यायचा. प्रतिकूल शेरा असला तरच कळवत. सीमा रस्त्यांच्या सेवेतले अभियंता देव दत्त यांना १९९३-९४ साठी 'चांगला' असा शेरा मिळाला. बढतीला पाचही वर्षं 'अतिशय चांगला' लागत होता. 'चांगला' हा शेरा वाईट कसा म्हणायचा, म्हणून तो त्यांना कुणी कळवलाही नाही, आणि बढती गेली. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक शेरा कळवलाच पाहिजे असं सांगितलं, तोवर ते निवृत्त झाले होते.

२००९ मध्ये केंद्र सरकारने संपूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखवायचा नियम केला. नावातून 'गोपनीय' गेलं, शेऱ्यांच्या जोडीला आकडे आले. कामाला ४० टक्के, कार्यक्षमतेला ३० आणि वैयक्तिक गुणांना ३०. या शेवटच्या तीस टक्क्यांत शिस्त आहे, वेळ पाळणं आहे, सहकाऱ्यांशी संबंध आहेत, आणि 'एकंदर वावर आणि व्यक्तिमत्त्व' असा एक रकाना आहे.