फेरीवाले व रिक्षाचालकांना संकटकालीन साहाय्य (महाराष्ट्र)
रोजची कमाई रोजच्या चुलीला लागणाऱ्या स्वयंरोजगारितांना टाळेबंदीसारख्या काळात सरकारने दिलेली मदत. कोविडकाळात तिची दोन रूपे दिसली : कर्ज व रोख रक्कम.

केंद्राच्या पीएम स्वनिधी योजनेत (जून २०२०) फेरीवाल्यांना १०,००० रुपयांचे विनातारण भांडवल मिळे. ते वर्षभरात हप्त्यांनी फेडायचे. वेळेवर फेडणाऱ्यास व्याजात ७ टक्के सवलत आणि पुढे मोठे कर्ज. धंदा पुन्हा उभा करायला हे उपयोगी होते. पण गिऱ्हाईकच नसताना हवे असते ते धान्य, भाडे, औषध, आणि त्यासाठी काढलेले कर्ज फेडायचे कशातून? १३ एप्रिल २०२१ रोजी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी ५,४७६ कोटींचे साहाय्य जाहीर केले. त्यात नोंदणीकृत फेरीवाले व परवानाधारक रिक्षाचालकांना प्रत्येकी १,५०० रुपये होते. रक्कम तुटपुंजी, तरी ती परत करायची नव्हती, हे तिचे खरे मोल.

दोन्हींत खरा अडसर नोंदीचा. भाड्याची रिक्षा चालवणाऱ्याच्या नावावर परवाना नसतो. स्वनिधी मुळात नागरी स्थानिक संस्थांच्या हद्दीतील विक्रेत्यांसाठी होती. भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगर ही आयुध निर्माणीची वसाहत जनगणनेत शहर गणली जाते, पण तिला नगरपरिषद नाही. अशा जनगणना शहरांपर्यंत योजना टप्प्याटप्प्याने नेण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२५ मध्ये घेतला. पहिले कर्जही १५,००० रुपयांचे झाले.