मार्क १६:९–२०

मार्ककृत शुभवर्तमानाचा हा शेवट मूळ लेखकाचा नसावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. चौथ्या शतकातील सिनाई व व्हॅटिकन या दोन्ही हस्तलिखितांत मजकूर आठव्या ओवीवर, रिकाम्या कबरीपासून भयभीत होऊन पळणाऱ्या स्त्रियांपाशी थांबतो. पुढील ओव्यांची शब्दकळा वेगळी आहे. शिवाय मग्दालीया मरीयेची ओळख नव्याने करून दिली आहे, जणू ती आधी आलेलीच नाही. तरीही हा भाग अर्वाचीन नव्हे: इ.स. १८०च्या सुमारास ख्रिस्ती लेखक इरेनियसने त्यातील एकोणिसावी ओवी मार्कची म्हणूनच उद्धृत केली आहे.

तारणासाठी बाप्तिस्मा आवश्यक आहे का, या वादात हा भाग येतो तो सोळाव्या ओवीमुळे. तीत तारणासाठी विश्वासाबरोबर बाप्तिस्म्याचाही उल्लेख येतो. दंड मात्र अविश्वासालाच सांगितला आहे. हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. ही ओवी वगळली तरी बाप्तिस्म्याचा प्रश्न सुटत नाही, कारण त्याची चर्चा योहान ३:५, प्रेषितांची कृत्ये २:३८ आणि १ पेत्र ३:२१ या निर्विवाद पाठांवरही उभी आहे. म्हणून केवळ या ओवीच्या आधारे कोणताही पक्ष सिद्ध करू नये.