झाडू एक, पगार चार

सकाळी साडेसहाला बाल्कनीत चहा घेऊन उभं राहिलं की मला चार झाडू दिसतात. रस्त्यावर महापालिकेची स्थायी कामगार. तिच्यापासून थोड्या अंतरावर ऐवजदार. आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात एजन्सीचा हाऊसकीपिंगवाला, निळ्या युनिफॉर्ममध्ये. आणि घरात आमची बाई. काम तेच, धूळही तीच (नागपुरात मे महिन्यात तर काही विचारूच नका). पगार मात्र चार. आमच्या भाषेत सांगायचं तर फंक्शन एकच, पण कोण कॉल करतं त्यावर रिटर्न व्हॅल्यू बदलते. हा बग कधी शिरला ते शोधायला बसलो आणि माझा अख्खा वीकेंड गेला.

अर्थशास्त्राचं नेहमीचं उत्तर मागणी-पुरवठ्याचं. पण सफाईच्या धंद्यात बाजार कधी मोकळा नव्हताच. इंग्रजांच्या काळातला पंजाबचा १९११ चा आणि संयुक्त प्रांताचा १९१६ चा नगरपालिका कायदा बघा. परंपरेने घरांची सफाई करणाऱ्याने काम नीट केलं नाही, तर त्याला दंड! आपण इन्क्रिमेंट मिळालं नाही की सीव्ही अपडेट करतो. इथे "जमत नाही, चाललो" म्हणणं हाच गुन्हा. डॉ. आंबेडकरांनी या कलमांवर नेमकं बोट ठेवलं होतं. ज्याला काम सोडता येत नाही तो भाव कसा करणार?

हेच आंबेडकर जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेला आले, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळावर त्यांची नुकतीच नेमणूक झाली होती. मजूर खातं त्यांच्याकडे आलं. त्यांच्याच काळात, १९४६ मध्ये, किमान वेतनाचं विधेयक मांडलं गेलं आणि १९४८ मध्ये कायदा झाला. आता गंमत बघा. हा कायदा सगळ्या कामगारांना नव्हता, त्याला एक यादी जोडलेली होती. तुमचा उद्योग यादीत असेल तरच किमान वेतन, आणि तेही प्रत्येक उद्योगाचं वेगळं. विडी, तेलगिरण्या यांच्यासोबत 'स्थानिक प्राधिकरण' म्हणजे नगरपालिका यादीत होती. घरकाम नव्हतं. म्हणजे सरकारने दर झाडूचा ठरवला नाही, झाडू कोणाच्या दारात चालतो त्याचा ठरवला. स्टेशनवर झाडणारा केंद्राच्या दरात (२०१७ साली शहराच्या वर्गाप्रमाणे रोज ५२३, ४३७ किंवा ३५० रुपये मूळ वेतन), मॉलमध्ये झाडणारा राज्याच्या दरात.

स्थायी कामगाराची गोष्ट निराळी. तिला किमान वेतन नाही, वेतन आयोग लागतो. राज्याच्या सातव्या आयोगात सर्वांत खालचं मूळ वेतन १५,००० रुपये, वर महागाई भत्ता आणि घरभाडं. शिवाय लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे वारसाला नोकरी. याला दोन बाजू आहेत. पगार घरात राहिला, पण झाडूही त्याच घरात राहिला. वाल्मीकी, मेहतर, सुदर्शन समाजातल्या मुलाच्या हाती पदवी आली तरी सर्वांत खात्रीची नोकरी तीच.

आणि ऐवजदार? 'ऐवज' हा शब्द अरबी-फारसीतून आला, मूळ अर्थ मोबदला, बदली. चोरीच्या बातमीत 'लाखोंचा ऐवज लंपास' असतो तोच. पण ऐवजदार म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी उभा राहणारा. नागपुरात ही बदली माणसं वर्षानुवर्षं बदलीच राहिली. शेवटी २०१९ च्या सुमारास २० वर्षं सेवा झालेल्यांना स्थायी करण्याचा निर्णय झाला. वीस वर्षं! एवढ्यात माझं आख्खं शिक्षण झालं.

कंत्राटाचा किस्सा मुंबईचा आहे. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा २० किंवा जास्त माणसं असतील तर लागू व्हायचा. मग काय, वीसपेक्षा कमी माणसांची छोटी छोटी कंत्राटं निघाली. कामगारांना 'स्वयंसेवक' म्हटलं, पगाराला 'मानधन'. (ज्याने हे डोकं लावलं त्याला कोडिंगमध्ये तोड नसती.) कचरा वाहतूक श्रमिक संघ कोर्टात लढत राहिला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्याचा आदेश कायम ठेवला.

उरली घरातली बाई. पुण्यात १९८० मध्ये मोलकरणींनी संप केला. आपल्या नागपुरात संस्कृतच्या प्राध्यापक रूपा कुलकर्णी यांनी मोलकरणींची संघटना बांधली. २००८ मध्ये राज्याने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यात नोंदणी आहे, मंडळ आहे. पगाराचा दर नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी वेतन संहिता आली आणि ती १९४८ ची यादी गेली. पण घराला 'आस्थापना' म्हणायचं का, हा प्रश्न आहेच.

असो. एवढं वाचून झाल्यावर आईला विचारलं, बाईंना आपण किती देतो?

"काहून रे, आजच का विचारून राहिला?"

आकडा ऐकला. मागची वाढ कधी दिली ते आईला आठवेना. "शेजारी देतात तेवढंच देतो आपण," ती म्हणाली. शेजारच्या काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, तुमच्याकडे देतात तेवढंच.