बारदेशचं मीठ ते वाशीचा आंबा: व्यापाराच्या भिंती कोण बांधतं?

ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हा माझ्या ओळखीतल्या अनेकांना वाटलं की हे काहीतरी नवीनच संकट आहे. मी नवी मुंबईत राहतो. एका बाजूला वाशीचा घाऊक बाजार, दुसऱ्या बाजूला न्हावा-शेवा बंदर. या किनाऱ्याचा इतिहास चाळला तर दिसतं की अशा भिंती इथे पाचशे वर्षांपासून उभ्या राहतात आणि पडतात. प्रश्न एवढाच असतो, की भिंत कोणी बांधली, कोणासाठी बांधली आणि तिची किंमत कोणी मोजली.

पहिली भिंत तोफेच्या जोरावर उभी राहिली. पोर्तुगीज येण्यापूर्वी चौल, दाभोळ या बंदरांतून अरब, इराणी, गुजराती आणि कोकणी मुस्लिम व्यापारी जहाजं हाकत होते. समुद्र कोणाच्या मालकीचा नव्हता. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीजांनी ‘कार्ताझ’ नावाचा परवाना सुरू केला. जहाजाने तो विकत घ्यायचा, पोर्तुगीज ठाण्यावर थांबून जकात भरायची आणि मिरीसारखा मसाल्याचा माल न्यायचा नाही. परवाना नसेल तर जहाज जप्त. 1508 मध्ये चौलजवळ इजिप्तच्या ममलुक आरमाराने पोर्तुगीजांना हरवलं खरं, पण पुढच्याच वर्षी दीवच्या लढाईत पारडं फिरलं.

या परवान्याचा जाच हजयात्रेपर्यंत पोहोचला. त्यावर मरियम आणि येशूची चित्रं असत. अकबराच्या काळात मखदूम-उल-मुल्क यांनी फतवा दिला, की अशा परिस्थितीत हज फर्ज राहत नाही. 1613 मध्ये जहांगीरच्या आईचं ‘रहीमी’ जहाज परवाना असूनही पोर्तुगीजांनी पकडलं. बादशहाच्या घरची ही अवस्था, तर साध्या नाखव्याचं काय होत असेल?

दुसरी भिंत आपल्याच माणसाने बांधली आणि ती मला महत्त्वाची वाटते. गोव्याकडच्या बारदेशचं मीठ स्वस्त होतं, म्हणून व्यापारी तिकडे वळू लागले आणि संगमेश्वरकडचं मीठ पडून राहण्याची वेळ आली. 1671 मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला पत्र लिहून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितलं. हेतू स्पष्ट होता. बाहेरचं मीठ महाग झालं की व्यापारी आपल्या मिठाकडे परततील. अर्थशास्त्राची पुस्तकं ज्याला संरक्षक जकात म्हणतात, ती हीच. स्थानिक धंदा मोडला की रयतही मोडते आणि राज्याचा महसूलही बुडतो, हे त्यामागचं गणित.

इंग्रजांनीही हेच केलं, पण स्वतःच्या देशासाठी. हिंदुस्थानी छापील कापडाने विलायतेतले विणकर हैराण झाले, तेव्हा 1700 मध्ये कायदा करून ते कापड बंद केलं. 1721 मध्ये वापरावरही बंदी आली. पुढे मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या आणि लँकेशायरला भीती वाटू लागली. मग उलटा न्याय झाला. 1896 मध्ये विलायती कापडावर साडेतीन टक्के आयातशुल्क आणि आपल्याच गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी! म्हणजे घरच्या मालाला घरातच दंड. हा कर 1926 मध्ये रद्द झाला.

या लढ्यातलं एक नाव आज आपल्या समाजातही फारसं घेतलं जात नाही. ते म्हणजे मुंबईचे सर इब्राहिम रहिमतुल्ला. 1921 मध्ये नेमलेल्या भारतीय वित्तीय आयोगाचे ते अध्यक्ष होते. आयोगाने ‘निवडक संरक्षणा’ची शिफारस केली. ज्या उद्योगाला नैसर्गिक अनुकूलता आहे, मदतीशिवाय जो वाढू शकत नाही आणि पुढे जो स्वतःच्या पायावर उभा राहील, त्यालाच जकातीचं संरक्षण द्यावं. रहिमतुल्ला आणि इतर चार सदस्यांना हेही अपुरं वाटलं. अध्यक्ष असूनही त्यांनी अहवालाला असहमतीची टिपणी जोडली आणि अधिक ठाम संरक्षण मागितलं. 1924 मध्ये टाटांच्या पोलादाला संरक्षण मिळालं, ते याच धोरणातून.

आजची भिंत जकातीची असेलच असं नाही. फळमाशीच्या कारणाने युरोपीय संघाने मे 2014 पासून हापूससह भारतीय आंबा बंद केला. तपासणी आणि प्रक्रिया सुधारल्यावर जानेवारी 2015 मध्ये बंदी उठली. कीड खरी होती, त्यामुळे ही भीती निव्वळ बहाणा म्हणता येणार नाही. पण मे 2025 मध्ये नवी मुंबईत विकिरण केलेल्या आंब्याच्या 15 खेपा अमेरिकेने नाकारल्या, त्या कागदपत्रांतल्या त्रुटीवरून. माल नष्ट करा किंवा परत न्या, असं सांगण्यात आलं. परत आणणं परवडणारं नव्हतं. पिकलेलं फळ कागदापायी गेलं.

आणि कधी भिंत दिल्लीतच उभी राहते. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, ती थेट मे 2024 मध्ये खुली झाली. शहरातल्या ग्राहकाला स्वस्त कांदा मिळावा म्हणून नाशिकच्या शेतकऱ्याने परदेशातला भाव गमावला.

आपल्या समाजाने हे समजून घेणं गरजेचं आहे, कारण आपण दोन्ही बाजूंना उभे आहोत. रत्नागिरी-राजापूरकडच्या कोकणी मुस्लिम बागायतदाराला परदेशातली भिंत पडायला हवी आहे. भिवंडी-मालेगावच्या मोमीन विणकराला बाहेरून येणाऱ्या स्वस्त कापडापुढे भिंत हवी आहे. दोघांचंही म्हणणं खरं आहे. म्हणून ‘खुला व्यापार’ किंवा ‘स्वदेशी’ अशा एका घोषणेने दोघांचं पोट भरणार नाही. रहिमतुल्लांच्या आयोगाने लावलेली कसोटीच अजून उपयोगी आहे. संरक्षण कोणाला, किती दिवस आणि त्यातून तो धंदा स्वतःच्या पायावर उभा राहणार का? याचं उत्तर सरकारकडे मागायचं असेल, तर बागायतदार आणि विणकर यांनी आधी आपापले आकडे घेऊन संघटितपणे पुढे यायला हवं. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनी नेमकं तेच केलं होतं.